अर्जमावशी आणि दुसरी सही

माझ्या मावशीला संगीतातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी तिची बदनामी करत नाहीये, ती स्वतःच हे सगळ्यांना सांगायची. संगीतशाळेच्या कार्यालयात ती सव्वीस वर्षं कारकून होती. वरच्या मजल्यावर कुणी बेसूर वाजवायला लागलं की शिक्षकांची तोंडं वाकडी व्हायची, आणि खाली पहिल्या मजल्यावर ही बाई शांतपणे फायलींना नाडी बांधत बसलेली असायची. "कोण कसं वाजवतंय ते मला नाही समजत," ती म्हणायची, "पण कोण यायचं बंद झालं ते समजतं."

ते खरं होतं. हजेरीपट तिच्याकडे असायचे. एखादं मूल लागोपाठ दोन आठवडे आलं नाही की ती वहीतून पत्ता उतरवून घ्यायची आणि घरी जाता जाता वाट वाकडी करून त्या मुलाच्या दारात उभी राहायची. दहातल्या आठ घरी कारण एकच निघायचं: फी परवडत नाही. मग दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाच्या खालच्या खणातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा बाहेर यायचा. त्यात वर्तमानपत्रांतून कापलेल्या जाहिराती, छापील पत्रकं, कुणाकुणाच्या स्मरणार्थ काढलेल्या निधींची माहिती असं सगळं कोंबलेलं असायचं. लोक रहस्यकथा वाचतात तशी ती त्या निधींच्या अटी वाचायची. एका निधीला फक्त तारांची वाद्यं चालायची. एका जहाजाच्या मेलेल्या कप्तानाचा निधी होता, त्याला फुंकून वाजवायचीच वाद्यं हवी असत. "कप्तान वाऱ्यावर जगला होता, दुसरं काय मागणार?" असं म्हणून ती आपल्याच विनोदावर हसायची.

मुलांचे अर्ज भरणं हे तिचं काम नव्हतं. पगार मिळायचा तो पावत्या फाडण्याचा आणि हजेऱ्या ठेवण्याचा. पण मी एकोणिसाव्या वर्षी तिथे टंकलेखक म्हणून चिकटले तेव्हा सगळी शाळा तिला अर्जमावशी म्हणायला लागली होती. माझी ती खरीखुरी मावशी, आईची धाकटी बहीण. बाकीच्यांची ती नावापुरती. तिला त्यात फरक दिसत नसे, आणि याचा मला सुरुवातीला थोडा रागही यायचा.

ज्या वर्षाबद्दल मी सांगणार आहे, त्या वर्षी चिमणी सोळा वर्षांची होती. चिमणी हे तिचं टोपणनाव. चणीनं एवढीशी, म्हणून तसं पडलेलं. ती क्लॅरिनेट वाजवायची. तिचे शिक्षक कुणाचं सहजासहजी कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, पण ते एकदा मुद्दाम जिना उतरून आले आणि मावशीला म्हणाले, "या पोरीला मोठ्या संगीत महाविद्यालयात जागा मिळालीय. आता पैशांपायी ती गेली तर मी वाद्य खाली ठेवीन." तेवढं बोलून ते वर निघून गेले.

चिमणीची आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. वडील ट्रक चालवायचे आणि सात वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते. मेलेले नव्हते, घटस्फोट झालेला नव्हता, नुसते नव्हते. चारही वर्षांचं शिक्षण उचलेल असा निधी शहरात एकच होता. नदीपलीकडे, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस. दर वर्षी शाळेतून चार-पाच अर्ज जायचे, आणि मावशीच्या शिक्क्यानं गेलेला अर्ज तिथे आदरानं वाचला जायचा. त्या वर्षी पाच होते. चौघांचे तयार झाले. पाचव्याचं घोडं शेवटच्या पानावर अडलं. तिथे दोन रेघा होत्या. आईची सही, वडिलांची सही. वडील हयात नसल्यास दाखला जोडावा.

शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास चिमणीची आई आली. हात कोपरापर्यंत लाल, वाफेनं सुजलेले. तिनं आपली सही केली, ती हळूहळू, एकेक अक्षर जुळवत. मग दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"बाई, इथं काय लिहू?"

"तिथं त्यांची सही लागते."

"ते कुठं आहेत हे मला माहीत असतं तर मी एवढी वर्षं..." तिनं वाक्य सोडून दिलं. "हे पाचला बंद होतं ना?"

मावशीनं घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टंकयंत्रात तोंड खुपसलं.

"मी जरा कपाट लावून येते," मावशी म्हणाली.

कपाट लावलेलंच होतं. ती कोपऱ्यात जाऊन त्या कपाटासमोर, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटतं, मिनिटभर. परत आली तेव्हा दुसऱ्या रेघेवर सही होती आणि शाई अजून ओली होती. मावशीनं टिपकागद दाबला, शिक्का मारला आणि अर्ज पाकिटात घातला. त्या बाईनं पदरानं कपाळ पुसलं आणि ती कामावर परत गेली.

सहा आठवड्यांनी, एका शनिवारी, निधीचं पत्र आलं. पाचही मुलं निवडली गेली होती. मी टाळी वाजवली. मावशीनं पत्र पुढे वाचलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मुलांनी आई-वडील दोघांसह ओळखपत्रं घेऊन करारावर सह्या करायला यावं. अर्जावरच्या सह्या त्यांच्याशी ताडून पाहिल्या जातील.

"असं आधी कधीच नव्हतं," मी म्हटलं.

"आधी कधीच नव्हतं म्हणून तर मी उठले," मावशी म्हणाली. पेनाचं टोपण चावून चावून तिनं त्याचा पार चोथा केला होता. "आता त्याला शोधायचं."

"कुणाला?"

"तिच्या बापाला. सहा दिवस आहेत."

रविवारी आम्ही चिमणीच्या घरी गेलो. एकच खोली, तीही शेजारच्या गॅरेजच्या पत्र्याला चिकटलेली. दिवसभर तिथे ठोकाठोकी चालायची आणि त्या आवाजात ती पोर रियाज करायची. आईनं ट्रंक उपसून एक जुनं पाकीट काढलं. वर एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा शिक्का होता, अर्धा पुसलेला. तेवढाच धागा. चिमणी खिडकीत उभी होती. आम्ही कशासाठी आलोय हे तिला सांगितलेलं नव्हतं, पण ती काही दूधखुळी नव्हती.

"ते नाही येणार," ती म्हणाली. "उगाच दमू नका मावशी."

"दमायचं की नाही ते माझ्या गुडघ्यांना ठरवू दे," मावशी म्हणाली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती कंपनी शोधली. तो तिथून तीन वर्षांपूर्वीच गेला होता. तिथल्या मुनीमानं डोकं खाजवत दुसऱ्या एका मालकाचं नाव सांगितलं, त्याचं आवार शहराच्या टोकाला, सिमेंटच्या गोदामांच्या मागे. मंगळवारी तिथे गेलो. तो तिथेच कामाला होता, पण माल घेऊन गेलेला. "उद्या दुपारपर्यंत येईल," फाटकावरचा माणूस म्हणाला. मग मावशीच्या पांढऱ्या केसांकडे आणि हातातल्या फाइलकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "कोर्टाचं आहे का काही?"

बुधवारी बारा वाजल्यापासून आम्ही त्या आवारात एका पालथ्या टायरवर बसून होतो. सगळीकडे सिमेंटची बारीक भुकटी. श्वास घेतला की दातांत कचकच. प्रत्येक ट्रक आत आला की मावशी उठायची, चालक उतरला की फाटकावरच्या माणसाकडे बघायची, त्यानं मान हलवली की पुन्हा बसायची. अशी ती किती वेळा उठली-बसली ते मी मोजायचं सोडून दिलं. चार वाजून गेल्यावर एक निळा ट्रक आला आणि फाटकावरच्या माणसानं बोट दाखवलं.

तो उंच, खांद्यात वाकलेला माणूस होता. हात-तोंड धुऊन आला आणि उभ्याउभ्याच त्यानं सगळं ऐकून घेतलं. महाविद्यालय, निधी, शुक्रवार, अकरा वाजता. मावशीनं काही लपवलं नाही. अर्जावर त्याची सही आधीच झालेली आहे, हेही सांगितलं.

"माझी सही?" तो म्हणाला. "कुणी केली?"

मावशीनं हातातली फाइल मिटली.

"तिनंच ना? आणि तुम्ही बसला होता समोर." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "सात वर्षांत मला कुणी एक अक्षर कळवलं नाही. पोरगी काय शिकते, कितवीत आहे, जिवंत आहे की नाही. आणि माझं नाव मात्र लागलं."

"तुम्हीही कधी विचारलं नाहीत," मावशी म्हणाली.

"नाही विचारलं." त्यानं गळ्यातला रुमाल काढून झटकला. "मग आताही कशाला विचारता? एकदा जमलीय की सही तुम्हाला. दुसऱ्यांदाही जमेल."

तो वळला. मावशी त्याच्यामागे चार पावलं गेली. "शुक्रवारी अकरा वाजता. नदीपलीकडे, जुन्या टपाल कचेरीच्या समोरची इमारत, तिसरा मजला," एवढं तिनं त्याच्या पाठीला सांगितलं. तो थांबला नाही.

बसमध्ये मावशी फाइलीवरची सिमेंटची भुकटी पुसत बसली. उतरताना मी म्हटलं, "येईल तो. आतून हललाय." मावशी म्हणाली, "तुला काय माहीत? मलाही नाही."

गुरुवारी सकाळी ती कार्यालयात आली, पावत्यांचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आज तू फाड. मी निधीच्या ऑफिसात जाऊन येते."

"कशाला?" मी विचारलं.

"सांगायला."

"मावशी, वेड लागलंय का? अजून एक दिवस आहे! तो आला तर कुणाला कळणारही नाही."

"आणि नाही आला तर?" तिनं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "नीट ऐक. उद्या ते सही ताडून बघतील. जुळणार नाही. आईला विचारतील, ती रडेल. मग पोरीला विचारतील. शेजारच्या खुर्चीवर आई बसलेली असताना त्या पोरीला एक तर खोटं बोलावं लागेल, नाहीतर स्वतःच्या आईला खोटं पाडावं लागेल. सोळा वर्षांची आहे ती. हे मला चालणार नाही. कपाटाकडे मी गेले होते, तेव्हा तिथेही मीच जाणार."

"आणि बाकीचे चार? तुझ्याच शिक्क्याचे आहेत ते."

तिनं पिशवी उचलली. मी पावत्यांचं पुस्तक शिपायाच्या हवाली केलं आणि तिच्यामागे धावले.

निधीचे सचिव बारीक अंगाचे, टापटीप कपड्यांतले गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर कागद आणि पेन्सिली अशा एका रेषेत की हात लावायची भीती वाटावी. मावशीला पाहून ते उठून उभे राहिले. "या बाई, या. यंदा पाचही मुलं छान निवडलीत तुम्ही."

"साहेब, आधी बसा," मावशी म्हणाली.

तिनं तीन-चार वाक्यांत सांगून टाकलं. पाल्हाळ नाही, रडारड नाही. सचिवांनी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसले.

"तुम्ही सही करताना पाहिलंत?"

"नाही. पाहावं लागू नये म्हणून उठले. ते जास्त वाईट."

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं." त्यांचा चेहरा पडला होता, रागावलेला नव्हता. "आता मला कानाडोळा करता येणार नाही."

"माहीत आहे. फक्त एक विचारते. ज्या घरात एकच माणूस आहे, त्यानं दोन सह्या आणायच्या कुठून?"

"नियम मी केलेला नाही, बाई."

"पण पाळता तुम्ही."

त्यांनी सरळच असलेली एक पेन्सिल पुन्हा सरळ केली. मग त्यांनी कागद ओढला. चिमणीचा अर्ज रद्द. उरलेल्या चारही घरांच्या सह्या उद्या समोरासमोर तपासल्या जातील, तोवर त्यांचंही काही नक्की नाही. मावशीची शिफारस यापुढे स्वीकारली जाणार नाही. शाळेच्या प्राचार्यांना तसं पत्र जाईल. एकेक वाक्य ते मोठ्यानं म्हणत लिहीत होते, आणि प्रत्येक वाक्यानंतर वर बघत होते, जणू मावशीनं त्यांना अडवावं. मावशीनं अडवलं नाही.

तिथून आम्ही इस्पितळाच्या लाँड्रीत गेलो. आत इतकी वाफ की समोरचं माणूस धुक्यातल्यासारखं दिसायचं. चिमणीच्या आईनं सगळं ऐकलं, हातातली चादर पुरी केली, घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे चोर ठरले ती मी."

"आपण दोघी," मावशी म्हणाली.

"तुम्हाला पगार चालू राहील बाई." आणि तिनं दुसरी चादर ओढली. मावशी दाराशी बराच वेळ उभी राहिली, पण त्या बाईनं पुन्हा मान वर केली नाही.

शुक्रवारी बाकीच्या चार घरांना धीर द्यायला आम्ही दहालाच तिसऱ्या मजल्यावर हजर होतो. बाहेरच्या बाकड्यांवर आया, बाप, मुलं दाटीवाटीनं बसलेली. एकेका कुटुंबाला आत बोलावत होते आणि दार बंद होत होतं. चिमणीही आली होती, एकटीच. "आई नाही आली. मला बघायचं होतं," एवढंच म्हणाली आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तिच्या काखेत वाद्याची पेटी होती. ती का आणली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

अकरा वाजले. अकरा वाजून दहा मिनिटांनी जिन्यावर जड पावलं ऐकू आली.

तो आला होता. धुतलेला शर्ट, नीट विंचरलेले ओले केस, वरच्या खिशात ओळखपत्र. पहाटेपासून गाडी चालवत आला असावा, डोळे तांबारलेले होते. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ दाराशी गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, "सही करायला आलोय. पोरीच्या अर्जावर. बाप आहे मी तिचा."

आतून सचिवच बाहेर आले. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मावशीनं डोळे मिटून घेतले.

"तो अर्ज काल रद्द झाला," सचिव म्हणाले.

"काल? पण तारीख तर आजची होती."

मग चिमणी पुढे आली. बापाकडे नाही, मावशीकडे.

"एक दिवस," ती म्हणाली. "एक दिवस थांबला असता तुम्ही, तर? मी म्हटलं होतं का सांगा म्हणून? आईनं म्हटलं होतं? तुम्हाला तुमचं मन साफ करायचं होतं, म्हणून माझं वाटोळं केलंत!"

तिचा आवाज जिन्यात वरखाली घुमला. बाकड्यावरच्या मुलांनी माना खाली घातल्या. मी मध्ये पडायला गेले, तर मावशीनं माझा दंड धरला. तेवढी पांढरीफटक मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

चिमणी तरातरा जिना उतरली. बाप तिच्यामागे गेला. खिडकीतून खाली पाहिलं तर दोघं इमारतीच्या पायरीवर बसली होती, मध्ये वाद्याची पेटी. नंतर कधीतरी चिमणीनंच मला सांगितलं, की त्यानं पहिला प्रश्न विचारला तो हा: "ह्यात काय असतं?" ती काय वाजवते, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

बाकीच्या चार घरांच्या सह्या जुळल्या. दुपारपर्यंत त्यांचे करार झाले. तो जीव टांगणीला लावणारा दिवस तसा निभावला, पण आम्ही खाली उतरलो तेव्हा मावशीला हात धरून उतरवावं लागलं.

सोमवारी प्राचार्यांनी तिला बोलावलं. ते तिला मानायचे, पण पत्र हातात होतं. कार्यालयातून तिची बदली तळमजल्यावरच्या वाद्यांच्या खोलीत झाली. शाळेची वाद्यं मोजायची, तुटकी वेगळी काढायची. तिचं टेबल मला मिळालं. पत्र्याचा डबाही मीच उघडायचा असं ठरलं, आणि ती रोज जेवणाच्या सुट्टीत वर येऊन माझ्या खांद्यावरून डोकवायची.

"आता तरी मला विचारू दे," मी एकदा म्हटलं. "थांबायला हवं होतं का तू?"

तिनं खूप विचार केला. "तो येणार हे मला कळलं असतं तर मी थांबले असते," ती म्हणाली. "आणि मग आयुष्यभर पुन्हा तसं उठून कपाटाकडे गेले असते. कुठलं बरं, ते मला सांगता यायचं नाही. पोरीचं नुकसान झालं, एवढं खरं."

चिमणीच्या प्रवेशाची मुदत संपायला तीन आठवडे होते. कप्तानाच्या निधीची तारीख उलटून गेली होती, बाकीचे किरकोळ होते. मावशीनं महाविद्यालयाचं चाळीस पानांचं माहितीपत्रक खालच्या खोलीत नेलं आणि तुटक्या ढोलांच्या मध्ये बसून वाचून काढलं. छत्तिसाव्या पानावर, वसतिगृहाच्या नियमांच्याही खाली, एक ओळ होती: शहरातल्या सरकारी बँडमध्ये नियमित वादन करणाऱ्या विद्यार्थ्यांस शुल्क माफ. ती धापा टाकत जिना चढून आली. "सरकारी बँड कुठले कुठले आहेत?"

पोलिसांच्या बँडमध्ये जागा नव्हती. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये दोन क्लॅरिनेटवाले त्याच वर्षी निवृत्त झाले होते.

चिमणीला तिकडे घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती मावशीशी बोलत नव्हती. मावशी आली, पण रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. चाचणी बंबांच्या शेडमध्ये होती. दोन लाल बंबांच्या मध्ये एक खुर्ची, समोर जाड भुवयांचे बँडमास्तर. चिमणीनं वाजवायला सुरुवात केली आणि मिनिटभरात आगीच्या वर्दीची घंटा झाली. जवान दोन्ही बाजूंनी धावत आले, कुणाच्या पायात एकच बूट. बंब सुरू झाला, भोंगा वाजला, धुराचा लोट सोडत ती अजस्र गाडी तिच्या कोपरापासून हातभर अंतरावरून निघून गेली. मी भिंतीला चिकटले होते. भोंगा लांब गेल्यावर ऐकलं तर क्लॅरिनेट चालूच होतं.

तुकडा संपल्यावर बँडमास्तर म्हणाले, "थांबली का नाहीस?"

"तुम्ही थांब म्हणाला नाहीत."

ते हसले नाहीत. "उंची कमी आहे. सगळ्यात लहान गणवेशसुद्धा लोंबेल हिला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "शनिवार-रविवार तालीम. उशीर चालणार नाही."

मी बाहेर येऊन रस्त्यापलीकडे हात हलवला. मावशी तिथल्या दुकानाच्या पायरीवर मटकन खाली बसली.

महाविद्यालयातली चारही वर्षं चिमणीनं तो बँड सांभाळला. पहिलं सबंध वर्ष ती मावशीशी बोलली नाही. शाळेत यायची, जुन्या शिक्षकांना भेटायची, मला भेटायची, तळमजल्याचा जिना उतरायची नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या वाद्याचा बोटाखालचा एक चाप तुटला आणि शिक्षकांनी तिला वाद्यांच्या खोलीत पाठवलं. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं वर आली तेव्हा चिमणीचं नाक लाल होतं आणि चाप बसवलेला होता. तिच्या आईनं मात्र मावशीला कधी माफ केलं नाही. रस्त्यात दिसली तर ती पलीकडच्या बाजूला जायची. चिमणीचे वडील दोन-तीन महिन्यांतून एकदा येत आणि खोलीबाहेर उभं राहून रियाज ऐकत, आत जायला त्यांना पुढे बरीच वर्षं लागली.

आणि मावशीचं पत्र. तळमजल्यावर गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं निधीला आठ पानी पत्र लिहिलं होतं. शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी किती घरांत एकच पालक आहे, त्यातल्या किती मुलांनी अर्जच नेला नाही, हे सव्वीस वर्षांच्या हजेऱ्यांवरून काढलेलं. उत्तर आलं: विषय विचाराधीन आहे. तीन महिन्यांनी तिनं तेच पत्र तारीख बदलून पुन्हा पाठवलं. पुन्हा तीन महिन्यांनी पुन्हा. टंकलेखन माझंच, त्यामुळे ते मला तोंडपाठ झालं होतं. सातव्या खेपेनंतर सचिवांनी तिला फोन करून सांगितलं, "बाई, कृपा करा, विश्वस्तांची बैठक लावतोय."

तिच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना नवे छापील अर्ज आले. मी गठ्ठा फोडला आणि वरचा एक घेऊन खाली पळाले. शेवटच्या पानावर एकच रेघ होती. पालकाची सही.

मावशीनं हात पुसले, चष्मा लावला आणि अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मग खिडकीशी नेऊन पुन्हा वाचला. मी वाट बघत होते.

"ही रेघ फार आखूड आहे," ती म्हणाली. "लांबलचक सही करणाऱ्यानं काय करायचं? कळव त्यांना."

त्या वर्षी आमच्या शाळेतून अकरा अर्ज गेले.